हातभर कमी

हायवेवरचा पेट्रोल पंप बंद झाला त्याला आठ महिने झाले, आणि तेव्हापासून अण्णा घरातल्या खुर्चीला चिकटले होते. एकतीस वर्षं त्या पंपावर गाड्यांत पेट्रोल भरत आलेला माणूस! त्यात त्याच जागी विजेच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन उभारायचं काम मिळालं ते त्यांच्याच लेकीला. शेजारपाजारच्यांनी कोपरखळ्या मारून घेतल्या. लेकीला स्टेशनपेक्षा बापाची काळजी जास्त होती. तिनं तीनदा त्यांना साइटवर बोलावलं. विजेतलं मला काय कळतं, एवढं म्हणून ते भिंतीकडे बघत बसायचे.

तपासणीच्या दिवशी ती चष्मा घरी विसरली. आईनं तो मुद्दाम अण्णांच्याच हाती धाडला.

ओळीनं सहा यंत्रं उभी होती आणि समोर गाडी लावायच्या प्रत्येक जागेच्या यंत्राकडच्या टोकाला चाक अडवणारा सिमेंटचा ठोकळा होता. अण्णांनी चष्मा दिला, पावलांनी जागा मोजली आणि कपाळाला आठी घालून बाजूला उभे राहिले. काय झालं, हे लेक विचारणार तेवढ्यात तपासनीस बाई आल्या.

बाईंची स्वतःची नवीकोरी गाडी ऐटीत आत शिरली आणि ठोकळ्याला टेकली. चार्जिंगची खाच मात्र मागच्या चाकाच्या वर. केबल ताणून ताणून ओढली, तरी हातभर कमीच. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. वरून आलेला नकाशा तिनं इंच न इंच पाळला होता, पण नकाशातल्या गाड्या सगळ्या एकाच साच्यातल्या, पुढं खाच असलेल्या होत्या.

अण्णांना राहवलं नाही. त्यांनी बाईंना गाडी बाहेर काढून उलटी घ्यायला लावली आणि हातानं खुणा करत ती नेमकी जागेवर आणली. केबल आरामात पोचली.

"आपली टाकी कुठल्या अंगाला आहे हे निम्म्या लोकांना आठवत नाही," ते म्हणाले. "आणि मागं ट्रेलर जोडलेला असला, तर माणूस गाडी उलटी घेणार कशी? दोन जागा तरी आरपार ठेवा, पंपावर असतात तशा."

यात टाकी नसते हो, हे वाक्य लेकीनं वेळेवर गिळलं. चूक आपली, मी नकाशा बघितला, गाड्या बघितल्या नाहीत, असं तिनं बाईंना सरळ सांगून टाकलं. बाईंनी दुरुस्तीला आठ दिवस दिले. मग अण्णांकडे बघत त्यांनी लेकीला विचारलं, की तुमची पुढची अकरा स्टेशनं आखताना हे तुमच्याबरोबर असणार ना?

लेकीला हो म्हणायची घाई झाली होती, पण उत्तर अण्णांनी द्यायला हवं होतं. अण्णांनी गवंड्याकडून खडू मागून घेतला आणि फरशीवर वाकून आरपार रेघ मारायला लागले.

संध्याकाळी दोघं घरी आले. आईनं पाणी पुढं केलं. अण्णा खुर्चीकडे फिरकलेसुद्धा नाहीत, उभ्याउभ्याच पाणी प्यायले.

"सकाळी लवकर उठव मला," ते आईला म्हणाले. "कामावर जायचंय."