मधली रिंग

सासऱ्यांनी आपण होऊन गाडीचं इंजिन देऊ केलं, तेव्हा सुनेला आधी ती थट्टाच वाटली. अंगणाच्या कोपऱ्यात ती गाडी कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली उभी होती आणि तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. सासूबाई तर तिला उघड उघड सवत म्हणायच्या. "माझी कधी एवढी पुसपास केली नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सुनेचं घोडं अडलं होतं हवेपाशी. घरामागच्या शेडमध्ये ती जुनी कपाटं, फ्रीज, खुर्च्या रंगवून द्यायची. फवाऱ्यानं रंग मारायला दाबाची हवा लागते, आणि तिचा कॉम्प्रेसर होता शेजारच्या पंक्चरवाल्याकडून मागून आणलेला. पंक्चरवाल्यानं दुकान हलवलं, कॉम्प्रेसरही त्याच्याबरोबर गेला, आणि नेमकं तेव्हाच एका दवाखान्याच्या पांढऱ्या कपाटांचं काम हातात आलं.

"त्यात काय एवढं?" सासरे जेवता जेवता म्हणाले. "इंजिन काय करतं? हवा आत घेतं, दाबतं, सोडतं. आपल्याला पेट्रोल नको, ठिणगी नको. विजेच्या मोटारीवर पट्टा लावून फिरवायचं आणि प्लगच्या भोकातून हवा टाकीत घ्यायची. झाला तुझा कॉम्प्रेसर."

"बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही," तिचा नवरा म्हणाला.

"मला नाही दिसत, हिला दिसतं. हात माझे, डोळे हिचे. काय गं?"

ती हो म्हणाली, पण घास तोंडातच फिरत राहिला. त्याला कारण होतं.

सासऱ्यांचा जन्म गॅरेजात गेला होता. अलीकडे त्यांना सगळं धुरकट दिसायला लागलं, तसं मुलानं आणि सुनेनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की डोळ्यांची नस सुकली आहे, आहे तेवढी नजरही हळूहळू जाणार, ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी येईपर्यंत नवऱ्यानं त्याचं दुसरंच काही करून टाकलं होतं. "मोतीबिंदू आहे बाबा. पिकला की काढू." तेव्हापासून सगळं घर हे खोटं तळहाताच्या फोडासारखं जपत होतं. सासरे मधूनच विचारायचे, "पिकला असेल का रे आता?" आणि जो समोर असेल तो म्हणायचा, "अजून थोडा." सुनेवरही ती पाळी दोनदा आली होती. दोन्ही वेळा तिला स्वतःची लाज वाटली होती.

असो. इंजिन निघालं. साखळीनं उचलून शेडमध्ये आणलं, सासूबाईंच्या धुण्याच्या टबात रॉकेलनं धुतलं. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. "सवतीला आता माझ्याच टबात आंघोळ!" असं म्हणून सासूबाईंनी तो टब कायमचा देऊन टाकला.

सासरे कामाला बसले की वेगळेच दिसायचे. एरवी चहाचा कप शोधताना चाचपडणारे त्यांचे हात इंजिनावर मात्र कुठेच अडखळत नसत. धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा त्यांनी कायमच्या बंद केल्या, आत घेणाऱ्या झडपांना हलक्या स्प्रिंगा घातल्या. प्लगच्या भोकांवर एकतर्फी झडपा आल्या. गेलेली हवा परत फिरायला नको. टाकी आधी पाणी भरून दाबाखाली तपासली. "फुटायची असेल तर पाण्यानं फुटू दे, निदान नुसती भिजशील," ते म्हणाले. सून हसली. ती पाने द्यायची, नट मोजायची, त्यांना दिसत नाही ते वाचून दाखवायची. तिला हे काम आवडायला लागलं होतं, आणि त्याहून सासरे आवडायला लागले होते.

मग पिस्टनना नव्या रिंगा घालायचा दिवस आला. "मधल्या रिंगेवर बारीकसा ठिपका असतो," सासऱ्यांनी सांगितलं. "तो वरच्या बाजूला हवा. तेल खाली निपटायचं काम त्या रिंगेचं." ते नखानं ठिपका शोधत आणि रिंग चढवत. निम्मे पिस्टन झाले आणि नवरा कामावरून येऊन शेडच्या दारात उभा राहिला. दिवसभराचा वैताग त्यानं तिथेच काढला. "बाबा, पुरे झालं. रस्त्यावरून येणारे-जाणारे हसतात. आंधळ्या माणसानं इंजिन उघडायचं म्हणजे काय?"

तोंडातून गेलं ते गेलं. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच आत निघून गेला. सासऱ्यांनी पुढच्या पिस्टनची मधली रिंग उचलली आणि नख न फिरवताच चढवली. मग शेवटच्या पिस्टनची.

सुनेला दिसलं. दोन्ही रिंगांचे ठिपके खालच्या अंगाला होते. तिनं तोंड उघडलं, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मूग गिळून बसली. आत्ता नको, तिला वाटलं. आत्ताच तर एवढं ऐकलंय त्यांनी.

मशीन चालू झालं, तेव्हा सगळं घर शेडमध्ये जमलं. पट्टा फिरला, इंजिन धापा टाकत गरगरलं, टाकीचा काटा चढत गेला. ठरलेल्या दाबाला जादा हवेची झडप फुस्स करून उघडली आणि सासूबाई किंचाळल्या. नवऱ्यानं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. त्यालाच माफी म्हणायचं.

सुनेनं दवाखान्याच्या कपाटाचं पहिलं दार रंगवलं. वाळल्यावर उजेडात धरलं. पांढऱ्या रंगात जागोजागी बारीक खळगे पडले होते.

"कसं झालंय?" मागून सासऱ्यांनी विचारलं.

"आरशासारखं."

ते पुढे आले, दारावरून सावकाश तळवा फिरवला. "आरशाला देवीचे वण कधीपासून यायला लागले?"

सासऱ्यांनी मशीन चालू करायला सांगितलं, हवेच्या नळीपुढे हात धरला, बोटं एकमेकांवर चोळून नाकाशी नेली. "तेल येतंय. तेलाचा थेंब पडेल तिथून रंग मागे सरतो."

"रिंगा नव्या आहेत बाबा. बसतील हळूहळू."

"मधली रिंग उलटी लागली की तेल असं वर येतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला तेव्हा भान नव्हतं. पण तू होतीस. डोळे तुझे होते. ठिपके वर होते का?"

"नव्हते," ती म्हणाली. "शेवटच्या दोन्हींचे खाली होते."

"तेव्हाच दिसलं?"

"हो."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

सासरे स्टूल चाचपून बसले. आता त्यांना राग आला होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "वाईट वाटेल म्हणून! अगं, गिऱ्हाइकाची गाडी कामातून गेली असेल तर मी तोंडावर सांगायचो. रडलेत लोक माझ्यासमोर. पण खोट्या आशेवर कुणाला ताटकळत ठेवलं नाही. घरात बाकी सगळे मला फुलासारखं जपतात. तू तरी तसलं करू नकोस. तुझ्या भरवशावर बसलो होतो मी."

ते तिच्या मनाला लागलं. रडायलाही आलं, पण रडली नाही. तिनं दवाखान्यात निरोप धाडला की कपाटांना उशीर होईल, आणि दार खरवडायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी इंजिन पुन्हा उघडलं. हेड उतरवलं, खालचं तेलाचं भांडं काढलं, दोन पिस्टन बाहेर घेतले. सासऱ्यांनी पहिली उलटी रिंग हलकेच सोडवली आणि पुसायला तिच्या हातात दिली. नवरा कामावर गेला होता, सासूबाई आत होत्या. शेडमध्ये फक्त फडक्याचा आवाज होता.

"आता डोळ्यांचं सांग," सासरे म्हणाले.

तिचा हात थांबला. नवऱ्याला काय सांगायचं, हा विचार आधी आला. मग तो तिनं बाजूला ठेवला.

"मोतीबिंदू नाहीये, बाबा. नस सुकलीय. ऑपरेशन होत नाही त्याचं."

"आहे तेवढं राहील?"

"नाही. तेही जाईल. हळूहळू."

सासरे बराच वेळ पिस्टनवर अंगठा फिरवत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी बाहीनं पुसलं. गालावर काळा पट्टा उमटला. तिनं तो पुसला नाही, आणि दुसरीकडे पाहिलंही नाही.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. "रिंग आण."

तिनं दिली. त्यांनी नखानं कडेकडेनं चाचपत ठिपका शोधला, रिंग फिरवली, पिस्टनवर चढवली आणि तिच्यासमोर धरली.

"कुठे आहे?"

"वर आहे."

"नीट बघ."

"बघूनच सांगतेय, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पिस्टन मागितला.