माझ्या पाठीवरची चिंच

“साहेब, एका झाडामुळे अख्खा बांध फुटतो का हो?”

प्रश्न विचारला आणि ती ताठ उभी राहिली. मागे तिच्या मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत होत्या. “तू विचारूनच दाखव, मग तुला मानलं!” असं त्यांनीच तिला शाळेतून येताना चढवलं होतं. त्या सगळ्या ओढ्याकाठच्या खालच्या आळीतल्या. त्यांच्या घराघरांत हा प्रश्न कुजबुजत विचारला जायचा, पण माझ्या चौकीदारासमोर तो काढायची कुणाची छाती नव्हती. आणि ही तर चौकीदाराचीच धाकटी लेक. बाबा शेजारी उभे असताना तिनं तो विचारला!

तपासणीला आलेल्या साहेबांनी आधी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खाली, जमिनीकडे पाहिलं.

मित्रांनो, ती जमीन म्हणजे मी. ओढ्याला आडवा पडलेला, पूर अडवणारा एक जुना मातीचा बांध. मला ढिगारा म्हणू नका हं, राग येतो! माझ्या पोटात चिकण मातीचा गाभा आहे. पाण्याच्या अंगाला दगडांचं चिलखत आहे. जादा पाणी बाजूनं निघून जावं म्हणून सांडवा आहे आणि तळाशी एक जाडजूड पाइप. आहे की नाही ऐट?

माझ्या जन्माआधी ओढ्याला पूर आला की खालची आळी पाण्यात जायची. शेवटी एकदाचं मला बांधायचं ठरलं. मातीचा एक थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. जिथे रोलर पोचत नसे तिथे आळीतली बायामाणसं लाकडी धुम्मस उचलून माती ठोकायची. मुकादम वरून ओरडायचा, “अरे, बाळाला थोपटताय का? ठोका जरा!” मग सगळे हसायचे आणि दणादण ठोकायचे. त्या माराचं मला कधीच वाईट वाटलं नाही. त्या मारानंच तर मी उभा आहे.

माझं काम मात्र जगावेगळं. वर्षभर रिकामं राहायचं. पूर आला की सगळं पाणी पोटात घ्यायचं, पाइपातून हळूहळू सोडायचं आणि पुन्हा रिकामं व्हायचं. येणारेजाणारे टोमणे मारायचे, “ना पाणी, ना मासे! हा कसला बांध, हा तर रिकामटेकडा!” मी ऐकून घ्यायचो. मातीला तोंड कुठे असतं?

मग एका वर्षी खरंच मोठा पूर आला. खालच्या आळीतली माणसं हाताला लागेल ते घेऊन माझ्या माथ्यावर येऊन बसली. शिंप्यानं तर शिलाई मशीन डोक्यावरून आणलं होतं. पाणी माझ्या गळ्यापर्यंत चढलं, पण मी हललो नाही. पाणी ओसरल्यावर शिंपी घरी गेला, तर उंबरासुद्धा कोरडा! तो परत आला आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, “शाब्बास रे पठ्ठ्या! पण आधी सांगायचंस ना, उगाच पाठ मोडून घेतली मी.” त्या थापेवर मी कितीतरी वर्षं काढली.

कारण पुढे मोठे पूर आलेच नाहीत. पूर विसरला की माणसं बांधालाही विसरतात. माझ्या सांडव्यात आणि पाइपात कचरा साठला, म्हणून ओढ्याचं थोडं पाणी वर्षभर माझ्या पोटात तुंबून राहू लागलं. माझ्या चिलखताचे दगड लोकांनी कुंपणाला नेले. लक्ष ठेवायला उरला एकटा चौकीदार. तो गवत कापायचा, घुशींची बिळं बुजवायचा आणि कुठे झाडाचं रोप दिसलं की खुरप्यानं मुळासकट काढायचा. “गवत म्हणजे बांधाचं पांघरूण, आणि झाड म्हणजे बांधाचा आजार,” असं तो आपल्या दोन्ही लेकींना सांगायचा.

त्या दोघी माझ्या माथ्यावर बसून चिंचा खायच्या आणि चिंचोके तोंडातून लांब उडवायची शर्यत लावायच्या. थोरली नेहमी जिंकायची. धाकटीचा चिंचोका तिच्याच हनुवटीला चिकटायचा.

“आधी स्वतःच्या फ्रॉकच्या पलीकडे तर टाक!” थोरली हसून लोळायची.

“ताई, तू चीटिंग करतेस! पुढे वाकतेस!”

“वाकत नाही गं, फुंकर लागते. फुंकर!”

एकदा थोरलीचा चिंचोका थेट माझ्या खालच्या उतारावर, अगदी मध्यावर जाऊन पडला. धाकटीनं रुसून कट्टी केली. कट्टी घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकली नाही.

त्यानंतर थोरली आली नाही. तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. बाबा बरेच दिवस फिरकले नाहीत. आले तेव्हा खुरपं हातात धरून नुसतेच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले.

पावसाळ्यात उतारावर, अगदी त्याच जागी, चिंचेचं रोप उगवलं. बाबांनी ते पाहिलं. खुरपं घेऊन खाली बसले. मला वाटलं, आता निघणार. पण त्यांनी खुरपं फिरवलं ते रोपाभोवती. त्याला आळं केलं आणि ओंजळीनं पाणी घातलं.

सांगा, मी काय बोलणार होतो?

रोपाचं झाड झालं. आई रोज कामावरून परतताना डबा भरून पाणी आणायची. “ऐकलंस का गं? धाकटीनं आज वर्गात भाषण केलं. बाई म्हणाल्या, हिचं तोंड बंदच होत नाही!” असं काहीबाही झाडाला सांगायची. मग खोडाजवळ उभी राहून स्वतःच्या खांद्याला हात लावायची आणि म्हणायची, “एवढी झाली असतीस.”

खरं सांगू? मलाही चिंच हवीहवीशी वाटायची. जन्मभर माझ्याजवळ कुणी राहिलंच नव्हतं. पुराचं पाणीसुद्धा येऊन निघून जायचं. ही मात्र राहिली. तिनं मुळांनी मला आतून मिठी मारली, आणि त्याच मिठीनं मी आतून सुटत चाललो. मुळं गाभ्यापर्यंत गेली. त्यांच्या कडेकडेनं पाण्याला वाट मिळाली. खोडाच्या खाली पाझर फुटला. आधी तो स्वच्छ होता. मग गढूळ झाला. पाझर गढूळ झाला, म्हणजे तो माझीच माती घेऊन चालला होता.

बाबांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. म्हणून तर साहेब आले की ते त्यांना दुसऱ्याच टोकाला न्यायचे, खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे. “तिकडे नका जाऊ साहेब, काटे आहेत.” सगळं रान साफ करणाऱ्या माणसाच्या बांधावर काटे!

पण या वेळचे साहेब चहा पीत नव्हते. ते थेट उतारावर गेले, आणि मागोमाग मुलींची ती पलटण. मग तो प्रश्न.

“फुटतो, बाळ,” साहेब म्हणाले. “एका झाडानंसुद्धा फुटतो. आणि नुसतं तोडून भागत नाही. मुळं आत कुजली की त्यांच्या जागी बोगदे होतात. पावसाआधी मुळासकट काढून खड्डा थराथरानं ठोकून भरायला हवा.”

बाबा इतकंच म्हणाले, “साहेब, अजून लहान आहे हो ती.”

साहेबांना सगळं ठाऊक असावं. त्यांचा आवाज खाली आला. “म्हणूनच आत्ता. मला हुकूम काढता येईल, पण तुमच्यावर तो काढायची माझी इच्छा नाही. सकाळी माणसं घेऊन येतो. तुम्ही हो म्हणा.”

ते गेले. मैत्रिणींचे चिमटे केव्हाच थांबले होते. शिंप्याची नात धाकटीचा हात धरून म्हणाली, “राहू दे गं. आम्ही उगाच तुला चढवलं. आमच्याकडे पाणी आलं तर आम्ही पुन्हा इथे वर येऊन बसू.”

“इथे?” धाकटी म्हणाली. “हा बांधच नसेल तेव्हा.”

मैत्रिणी गेल्यावर ती खोडाशी बसली. पाझराखाली तिनं ओंजळ धरली. पाणी बोटांतून गळून गेलं आणि तळहातावर माझी माती उरली. ती मातीकडे बघत हुंदके देऊन रडली. इतकी वर्षं तिचं हसणं माझ्या ओळखीचं होतं. तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मित्रांनो, मी मातीचा आहे, मला फार शहाणपण नाही. पण एक मागणं आहे. जे तुम्हाला सांभाळतं त्याच्याकडे अधूनमधून नीट बघत जा. ते बोलत नसलं तरी बघा. आणि बघून दुखलं तर तोंड फिरवू नका. बाबांनी मायेनं तोंड फिरवलं. त्यांच्यावर मी कसा रागावू? पण खालच्या आळीत शिंप्याची नात झोपते.

तेवढ्यात आई पाण्याचा डबा घेऊन आली. बाबांनी तिला अडखळत सगळं सांगितलं.

“कुणी हात लावून दाखवावा!” आई झाडाला पाठ लावून उभी राहिली. “एकदा नेली ना माझी? पुन्हा नाही नेऊ देणार!”

“मी कुठे हो म्हटलंय?” बाबा म्हणाले. “पाऊस कमी झाला तर कदाचित...”

“बाबा!” धाकटी उठली. तिनं फ्रॉकला हात पुसले आणि आईच्या हातातून डबा काढून घेतला.

“आई, आज पाणी नको घालूस. दोघंही ऐका. मी ठरवलंय. सकाळी साहेबांना हो मी सांगणार. तुम्ही येऊ नका, तुमच्यानं बघवणार नाही. शेवटचं मूळ निघेपर्यंत मी इथे उभी राहीन. आणि खड्ड्यात माती पडली की धुम्मस मीच मारणार. ताईच्या जागेवर परक्याचे हात नकोत.”