रेषेच्या अलीकडे

सदतीस वर्षांच्या बाईने शिडाच्या होडीच्या शर्यतीत उतरू नये, असा नियम कुठेही नाही. नियमांचं पुस्तक मी तीनदा वाचलंय. तरी गेल्या वर्षभरात हाच नियम मला इतक्या जणांनी ऐकवला, की तो माझ्याच प्रतीत छापायचा राहिला असावा. भाऊ म्हणाला, "ताई, आता पुरे." वहिनी म्हणाली, "शोकेसमध्ये आता जागा नाही हो, ताई." जागा भरपूर आहे. माझ्या कपांत ती रिमोटचे सेल आणि केसांच्या पिना ठेवते, एवढंच. संघटनेच्या सचिवांनी तर कहर केला. 'प्रदीर्घ आणि गौरवशाली कारकिर्दीबद्दल' माझे आभार मानणारं पत्र त्यांनी टाइप करूनच ठेवलं होतं, फक्त तारीख कोरी होती. मी त्यांना म्हटलं, तारखेची घाई करू नका, आधीची शाई तरी वाळू द्या.

उरले मास्तर. त्यांनी मला थांब म्हटलं नाही, पण जपून राहा, जपून राहा म्हणून माझे कान किटवले. मास्तर शिडं शिवतात. होड्यांच्या शेडवर त्यांची लांबच लांब खोली आहे. तिथे सबंध शीड जमिनीवर पसरतात, आणि मशीन जमिनीतल्या एका खड्ड्यात बसवलेलं आहे, म्हणजे कापड ओढाताण न होता सरळ सुईखाली सरकतं. मास्तर कमरेइतके त्या खड्ड्यात बसतात. पंधराव्या वर्षी मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा वाटलं, या माणसाला पायच नाहीत. बावीस वर्षं मी तिथे शिडं कापते, ठिगळं लावते आणि उरलेल्या वेळात शर्यती जिंकते. होडी कशी चालवायची ते सगळं त्यांनीच शिकवलं, आणि बरंचसं त्या खड्ड्यातून ओरडूनच.

निवड चाचणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी आणि बारकी, दोघी आपापली शिडं न्यायला वर गेलो. बारकी म्हणजे मास्तरांची दुसरी शिष्या, वय बावीस. हिला पहिली गाठ मी बांधायला शिकवली, आणि आता ही माझ्या मुळावर उठली होती. नऊ शर्यती होऊन आम्ही दोघी बरोबरीत होतो. चाचणीत पुरुष-बायका एकत्रच उतरत, पण जागतिक स्पर्धेला एकच बाई जाणार होती. आज आमच्यातली जी पुढे येईल, ती.

"मास्तर, आज कोण जिंकायला हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"शिवणाऱ्याला असलं विचारू नये. दोन्ही शिडं माझीच आहेत." मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "रेषेवर मधोमध उभ्या राहू नका. आणि शंका आली, की मागे फिरा. फिरलात तर चाळीस सेकंद जातील, नाही फिरलात तर शर्यत जाईल."

बारकीने मान डोलावली. तिने मान डोलावलेली पाहून मला उगाचच राग आला. या वयात मीही अशीच डोलवायचे.

सुरुवातीची रेषा पाण्यावर आखलेली नसते. उजव्या टोकाला पंचांची बोट, डाव्या टोकाला तरंगता नारिंगी बोया, आणि मधली रेषा सगळ्यांनी मनात धरायची. भोंगा वाजायच्या आत होडीचं नाक रेषेपलीकडे गेलं तर मागे फिरायचं, पुन्हा अलीकडे यायचं आणि नव्याने निघायचं. फिरला नाहीत, तर सगळ्यांच्या पुढे येऊनही तुमचा नंबर धरत नाहीत. टोकांना असलात तर रेषा कळते. मधे असलात तर काहीच कळत नाही, म्हणून मधले सगळे भीतीने मागे राहतात आणि तिथे होडीभर मोकळं पाणी पडून असतं. कुणी तिथे जात नाही.

मी जाणार होते. शर्यतीच्या वीस मिनिटं आधी मी पंचांच्या बोटीमागून बोयाकडे पाहिलं. बोयाच्या बरोब्बर मागे, किनाऱ्यावर, बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं होतं. म्हणजे मधे उभी असताना बोया आणि धुराडं एका रेघेत आले, की मी रेषेवर. धुराडं बोयाच्या डावीकडे दिसतंय, तोवर मी मागे. मी होडीत बसते तिथून नाक दोन मीटर पुढे असतं, त्यासाठी धुराडं आणि बोया यांच्यात कारखान्याची एक खिडकी मोकळी सोडायची. दोनदा जाऊन ताडून पाहिलं. हेही मास्तरांनीच शिकवलेलं, फक्त ते स्वतः त्यावर कधी विसंबले नाहीत.

शेवटचं मिनिट. मी मधोमध. माझ्या डाव्या हाताला, हातभर मागे, बारकी. मला पाहून तीही मधे घुसली होती. बाकीच्या होड्या आमच्या कितीतरी मागे रेंगाळत होत्या, त्यामुळे आम्ही दोघी नक्कीच पुढे गेलेल्या दिसत असणार. दहा सेकंद. धुराडं, खिडकी, बोया. मी शीड ताणून घेतलं. होडीने वेग घेतला. भोंगा वाजला तेव्हा खिडकी जागच्या जागी होती.

लगेच दुसरा भोंगा वाजला आणि पंचांच्या बोटीवर निळ्या फुलीचा पांढरा झेंडा चढला. कुणीतरी पुढे गेलं होतं.

"मागे फिरा! अगं, फिरा!"

आवाज मास्तरांचा होता. शर्यत चालू असताना प्रशिक्षकाने चकार शब्द काढायचा नसतो. चाळीस वर्षं हा माणूस मोटरबोटीत तोंडाला कुलूप लावून बसला होता, आणि आज उभा राहून ओरडत होता. बारकी फिरली. तिने एकदाही बोयाकडे पाहिलं नाही, मास्तर म्हणाले म्हणून फिरली.

माझाही हात सुकाणूवर वळला होता, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षांची सवय. पण मग माझं डोकं तापलं. मास्तरांनी धुराडं पाहिलं नव्हतं, खिडकी पाहिली नव्हती. त्यांनी फक्त मला सगळ्यांच्या पुढे पाहिलं होतं, आणि तेवढ्यावरून मी चुकले असं ठरवलं होतं. वर्षभर सगळे हेच तर करत होते! शंका त्यांची आणि फिरायचं मी? मी सुकाणू सरळ केलं.

पुढे गेलेले सगळे परतले, की तो झेंडा उतरवतात. कुणी परतलं नाही, तर चार मिनिटं वरच ठेवतात. बारकीखेरीज उजव्या टोकाची एक होडी फिरताना मी पाहिली. झेंडा वरच. एक मिनिट, दोन मिनिटं. बाजूने जाणारा एक जण म्हणाला, "ताई, तूच आहेस, अजून फीर!" मी म्हटलं, "तू तुझं शीड बघ." चार मिनिटं पूर्ण झाली तेव्हा झेंडा उतरला. म्हणजे कुणीतरी बाद झालं होतं, आणि कोण, ते पंच शर्यत संपेपर्यंत सांगत नाहीत. शेवटची रेषा ओलांडताना भोंगा वाजला तर तुम्ही आहात. नाही वाजला, तर घरी जा.

पुढची पन्नास मिनिटं मी पहिली होते. पहिली असण्याचा इतका त्रास मला कधी झाला नव्हता. प्रत्येक लाटेला तो झेंडा आठवायचा. वाटेतल्या पहिल्या बोयाला वळसा घालताना वाटलं, खिडकी नक्की मोकळी होती. दुसऱ्या बोयाला वाटलं, कसली खिडकी, माझ्या हट्टापायी सगळं घालवलं. मांड्या भरून आल्या, तळहात सोलले. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा रागही येत होता. हरायचं तर माझ्या डोळ्यांनी हरेन, असं मी मोठ्याने म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

शेवटच्या रेषेशी पंचांची बोट आली. पंच माझ्याकडे पाहत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. नाक रेषेला लागलं.

भोंगा वाजला. बसच्या हॉर्नसारखा साधा, बेसूर आवाज. मी इतक्या जोरात किंचाळले, की पंचांच्या हातातली पेन्सिल पडली.

बारकी पाचवी आली. बाद झाला होता डाव्या टोकाचा एक दाढीवाला. तो सातवा आला, त्याच्यासाठी भोंगा वाजला नाही, आणि त्याने तोंडातल्या तोंडात जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

किनाऱ्यावर होडी ओढताना बारकी माझ्याजवळ आली. तिने जाकीट अजून काढलं नव्हतं.

"ताई, खरं सांग. मी पुढे होते?"

खोटं बोलणं सोपं होतं. होतीस म्हटलं असतं तर तिला झोप लागली असती. पण माझ्यानं बोलवेना.

"नव्हतीस. माझ्या हातभर मागे होतीस."

तिचे डोळे भरले. तेवढ्यात मास्तर आले. ते आधी पंचांकडे जाऊन आले होते, आपण ओरडलो हे स्वतःच सांगून. मोसमभर मोटरबोटीवर बंदी घालून घेतली होती त्यांनी. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि खड्ड्याबाहेर ते नेहमीच जरा चुकल्यासारखे दिसतात.

"चूक माझी," ते बारकीला म्हणाले. "तुझं वर्ष मी घालवलं."

"फिरले मी, मास्तर," बारकी म्हणाली. तिने नाक पुसलं. "सुकाणू माझ्या हातात होतं."

मास्तर माझ्याकडे वळले. काहीतरी बोलणार होते, मी बोलू दिलं नाही. जिंकले होते, तरी राग तसाच होता, आणि त्या माणसावर माया होती म्हणूनच तो इतका होता.

"बारके," मी म्हटलं, "पुढच्या वेळी यांचं ऐकायचं नाही."

"आणि तुझं?"

"माझं तर मुळीच नाही. पुढच्या वर्षीही मी तुझ्याविरुद्ध उतरणार आहे."