चष्म्याच्या दुकानातलं वाचन

“पायगुण नाही म्हणत मी. पुस्तकगुण म्हणते. नवी सून घरात आली आणि आपल्या धाकटीचे डोळे बिघडले.”

हे सासूबाई दुकानाच्या मागच्या खोलीत सासऱ्यांना म्हणाल्या, तेही आवाज बारीक करून. पण मधली भिंत म्हणजे नुसती फळी. फळीच्या अलीकडे नवी सून मऊ फडक्यानं मला पुसत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा पुसू लागला, जरा जास्तच जोरात. त्या दिवशी माझा एक कोपरा उगाचच चकाकत होता.

मी कोण? जवळचं नीट दिसतंय का ते बघायला चष्मेवाला तुमच्या हातात पुठ्ठ्याचा एक तक्ता देतो ना, तो मी बोलतोय. वरच्या ओळी ठसठशीत, मग खाली खाली अक्षरं बारीक होत जातात आणि शेवटी मुंग्यांची रांग लागते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तक्त्यावर काहीतरी मजकूर हवा, एवढंच मालकानं सांगितलं होतं. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस हौशी निघाला. त्यानं मनानंच गोष्ट रचली. एक मुलगी नदीकाठी येते. नाव पलीकडच्या काठाला, नावाडी पेंगतोय. मुलगी हाक मारते आणि पलीकडून... इथे माझी जागा संपली. मागच्या बाजूला त्यानं चित्रं छापली, तीही मोठ्याकडून बारकीकडे.

मग मी या दुकानात आलो. तेव्हापासून लोक मला रोज वाचतात आणि कोणीच वाचत नाही. तान्हं पोर अंग भिजवील म्हणून लांब धरावं, तसं कोणी मला लांब धरतं. कोणी म्हणतं, “तुमच्याकडे उजेडच कमी आहे.” एक बाई तर छपाईलाच नावं ठेवून उठल्या. चाळिशी लागली हे सोडून माणूस काहीही कबूल करतो. पण ती मुलगी नदी ओलांडते का, हे कधी कोणी विचारलं नाही.

नव्या सुनेनं विचारलं. पहिल्याच दिवशी पुसता पुसता तिनं मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि हळूच म्हणाली, “बाबा, पुढे काय झालं?”

“पुढे दीड नंबर लागतो,” सासरे म्हणाले. “चाळिशीनंतर.”

ती गालातल्या गालात हसली. कोपऱ्यातल्या स्टुलावर फोनमध्ये मान घालून बसलेल्या नणंदेनं वर बघितलं. “कुणाचं काय झालं, वहिनी?”

या नणंदेला सगळे धाकटी म्हणतात. वय सतरा. राग आला आणि शब्द सापडले नाहीत की दार आपटायची. घरातल्या दारांच्या बिजागऱ्या तिच्याच कृपेनं खिळखिळ्या झालेल्या. त्या संध्याकाळी वहिनीनं माहेरून आणलेल्या पुस्तकांतलं एक काढून तिच्या हातात दिलं. म्हणाली, “यातही त्या तक्त्यावरच्यासारखी एक मुलगी अडकलीय. पण हिची गोष्ट पूर्ण आहे.”

आधी धाकटीनं चार पानांत पुस्तक मिटलं. मग फोनची बॅटरी संपली म्हणून उघडलं. मग फोनची बॅटरी भरली तरी मिटेना. एक संपलं की दुसरं. एकदा आईशी वाजलं तेव्हा दार आपटायला गेली आणि दारातच थांबून म्हणाली, “आई, मी चिडलेय, पण तुझ्यावर नाही. माझंच मला जमत नाहीये म्हणून चिडलेय.” सासूबाई भांडणच विसरल्या. “हे कुठून शिकलीस गं?”

असं सगळं बरं चाललेलं असताना धाकटीच्या चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की या वयात नंबर हलतो, भरपूर उजेडात वाच, मधे मधे लांब बघ, जरा बाहेर हिंड. पण सासूबाईंच्या डोक्यात सुनेची पुस्तकं बसली. आई ती, लेकीच्या डोळ्यांचं भय तिला वाटणारच.

आणि यात सासऱ्यांची पंचाईत झाली. गिऱ्हाइकाच्या मताला धक्का लावायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. एखादी आई मुलाला घेऊन यायची, “वाचून वाचून डोळ्यांची वाट लावलीय बघा यानं,” म्हणायची, आणि हे मान डोलवायचे, “अगदी बरोबर बोललात. पुस्तकं जरा बाजूला ठेव रे बाळा.” बाळ खूश व्हायचं, आई खूश व्हायची. फळीमागे बसून सासूबाईंनी हे वर्षानुवर्षं ऐकलेलं. आता त्यांनी विचारलं, “गिऱ्हाइकांच्या पोरांना सांगता ते आपल्या पोरीला लागू नाही का?”

सासरे स्वतःच्याच वाक्यात अडकले. फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांत पुस्तकं भरली गेली, वर चिकटपट्टी बसली आणि खोकी गल्ल्याखाली आली. कुणीतरी ओळखीचे गृहस्थ संध्याकाळी येऊन घेऊन जाणार होते. धाकटीनं दार आपटलं नाही. फोनही न काढता नुसती स्टुलावर जाऊन बसली, ते जास्त वाईट दिसत होतं. सुनेचा नवरा मागे काचा घासायच्या यंत्रावर बसतो. घरात काही अवघड निघालं की त्याला यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही. आणि सुनेचं म्हणाल तर, तिला या घरात तोंड आहे हे अजून तिलाच पक्कं ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी एक म्हातारे गृहस्थ चष्मा करायला आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सासऱ्यांनी त्यांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवली, तीत काच घातली आणि मला त्यांच्या हातात दिलं.

“वाचा.”

“पुसट आहे.”

काच बदलली. “आता?”

“पुसटच आहे.”

पुन्हा बदलली, पुन्हा तेच. सासऱ्यांना घाम फुटला. “काका, तुम्ही मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. हे माझ्या हाताबाहेरचं दिसतंय.”

म्हाताऱ्यांचा अंगठा माझ्या कडेवर दाबून पांढरा पडला होता. मला समजलं होतं. वाचणाऱ्याची नजर ओळीवरून चालते. यांची एका जागी उभी होती, अनोळखी घराच्या दारात पाहुणा उभा राहावा तशी. पण मी पुठ्ठा, मी कोणाला काय सांगणार?

धाकटी स्टुलावरून उतरली. “बाबा, जरा सरका. आजोबा, या बाजूची अक्षरं उडालीत हो. आपण मागची बाजू बघू.”

माझी अक्षरं ठणठणीत आहेत. पण या खोटेपणाचा मला मुळीच राग आला नाही.

तिनं मला उलटं केलं. म्हाताऱ्यांचा खांदा सैल झाला. “ही छत्री. हा मासा. किल्ली. कप आहे, कान तुटका.” शेवटच्या रांगेपर्यंत आले आणि म्हणाले, “ही सुई. नेढ्यासकट दिसतेय.”

चष्म्याचं माप देऊन ते निघाले. जाताना धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुला कसं गं कळलं?” सासरे खाली बसत म्हणाले.

“वहिनीच्या पुस्तकात एक बाई आहे. चिठ्ठी आली की म्हणते, चष्मा घरी राहिला. तिला वाचता येत नसतं आणि सांगायची लाज वाटत असते. आजोबा ‘पुसट’ म्हणाले ना, ते अगदी तिच्यासारखं म्हणाले.”

“म्हणजे आजवर असे किती जण मी मोठ्या डॉक्टरांकडे धाडले असतील?” सासरे स्वतःशीच बोलले.

फळीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. मागचं यंत्र बंद झालं होतं. आणि नव्या सुनेनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

ती काय बोलली ते सांगतोच. त्याआधी माझं थोडं. मी आता थकलोय. दुकानात उजेडाची पाटी येणार आहे म्हणे, बटण दाबलं की अक्षरं बदलणारी. येऊ दे. मी खणात पडून राहीन. तरुण मुलांनो, मला हातात घेऊन सगळे एकच बघतात, दिसतंय की नाही. पुस्तकाशी तरी असं वागू नका. आवडलं नाही तर ठेवा, दुसरं उचला, पण नुसतं दिसतंय एवढं बघून उठू नका. माणसं ओळखायची तर ती आधी कुठेतरी भेटावी लागतात, आणि सगळी काही आपल्या गल्लीत राहत नाहीत.

तर ती म्हणाली, आणि आवाज तिच्या मानानं बराच मोठा होता:

“आई, पुस्तकं मीच दिली तिला आणि पुढेही देणार आहे. उजेडात बसवीन, रोज संध्याकाळी फिरायला नेईन, नंबर वाढला तर काच बदलू. आपला धंदाच आहे तो. पण तिचं वाचणं मी थांबवणार नाही, आणि तुम्हीही थांबवू नका. बाबा, ती कात्री द्या इकडे. खोकी उघडायची आहेत.”