कोरड्या नदीत तरंगलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. माझी ठिगळे पाहून नाक मुरडू नका, मी अजून धडधाकट आहे. सुताराने मला घडवून पहिल्यांदा पाण्यात ढकलले, तेव्हा माझी बोबडीच वळली. केवढी ती नदी! पलीकडचा काठ नीट दिसतही नव्हता. पण तिने मला इतके अलगद उचलले की माझी भीती पळाली. पुढे मी किती माणसे, शेळ्या, सायकली आणि एकदा तर अख्खे कपाट पलीकडे नेले. कौतुक माझे व्हायचे, भार मात्र ती उचलायची.

मग दुष्काळ पडला, तोही लागोपाठ. नदी आटत आटत एक दिवस दिसेनाशी झाली. मी वाळूत पडून राहिले. मुले माझ्यात बसून हवेत वल्ही मारत आणि खिदळत. मला मात्र रडू येई.

त्यातच पात्राखाली दगडी कोळसा सापडला. नदी मेलीच आहे, आता खणली तर कोणाचे काय बिघडणार, असे खाण कंपनी म्हणू लागली. पाहणीला एक अधिकारी बाई येणार होत्या. त्यांनी होकार दिला असता, तर नदी कायमची संपली असती.

माझ्या नावाड्याच्या सुनेला त्या दिवशीही माझीच काळजी. लाकडी होडी फार काळ कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. म्हणून होडी ओल्या वाळूत पुरून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. सुनेने शेजाऱ्यांना हाताशी धरले आणि पात्रात खड्डा खणायला घेतला. मनासारखी ओल लागेना, म्हणून ती खोल खोल जात राहिली.

"अगं, होडी पुरायची आहे, विहीर कशाला खणतेस?" सासरे काठावरून ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना बाबा, चांगली ओल लागू दे!"

त्यांनी मला खड्ड्यात उतरवले आणि सगळे घामाघूम होऊन टेकले. त्यानंतर जे घडले ते आठवले की मी आजही शहारते. खालून गार पाणी पाझरू लागले. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. आधी माझा तळ भिजला, मग बाजू भिजल्या आणि मग तिने मला पुन्हा तसेच अलगद उचलले. नदी कुठेही गेली नव्हती!

"घ्या! आता हिला पुरायचं कसं? ही तर तरंगतेय," सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात अधिकारी बाई आल्या. सोबत कंपनीचा इंजिनिअर होता.

"टँकरनं आणून ओतलं असेल," तो म्हणाला.

"मग उपसून बघा की," सून म्हणाली.

त्याने स्वतः बादलीने पाणी उपसले. पाणी पुन्हा भरले. बाई चपला काढून खाली उतरल्या आणि त्यांनी पाण्यावर गवताची एक काडी सोडली. वारा पडलेला होता. तरीही काडी हळूहळू सरकत खालच्या अंगाला गेली, जिकडे नदी नेहमी जाते तिकडेच. इंजिनिअरसुद्धा बादली हातात धरून बघत राहिला.

"ही वाहतेय," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "हिच्या पात्राला हात लावायचा नाही."

मित्रांनो, भरल्या नदीला सगळेच हात जोडतात. ती दिसेनाशी होईल, तेव्हा तिच्यावर कुदळ चालवू देऊ नका. तेव्हाही ती वाळूखालून तुमच्याचकडे येत असते.