मी दीक्षाची माशांची टाकी

मित्रांनो, माझ्या तळाशी अजून बोटभर वाळू आहे, पण पाणी नाही. दौंडमध्ये रेल्वे कॉलनीच्या मागच्या वस्तीत नागसेन आबांचं घर आहे. त्या घराच्या पडवीत, जुन्या पत्र्याच्या पेटीवर मी असते. मी माशांची टाकी आहे, दोन फूट लांबीची. एका कोपऱ्यावर माझी काच थोडी उडाली आहे. तिथं हात लावू नका, बोट कापेल.

माझा जन्म पोपट काचवाल्याच्या दुकानात झाला. खिडक्यांच्या काचा कापून उरलेल्या तुकड्यांतून त्यानं मला जोडलं. आबा मला घ्यायला आले तेव्हा पोपट म्हणाला, "आबा, आजच पाणी भरा, आजच मासं सोडा. काय होत न्हाई."

"नको," आबा म्हणाले. "आधी पाणी धरती का बघू दे."

आबांची सगळी नोकरी रेल्वेत रुळांचे पॉइंट बदलून गाडीला वाट देण्यात गेली होती. लाईन मोकळी असल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. त्यांनी मला नुसतं पाणी भरून ठेवलं. रोज माझ्या सांध्यांवरून हात फिरवून ओल लागते का ते बघितलं. मग वाळू, मग हवेची छोटी मोटार, आणि कितीतरी दिवसांनी मासे. दोनच मासे. एंजलची जोडी, रुपेरी अंगावर काळे पट्टे.

हे सगळं दीक्षासाठी होतं. दीक्षा आबांची नात. ती चौथीत असताना तिची आई करुणा आजारानं गेली. त्यानंतर पोरगी बोलायचीच थांबली होती. वडील विनोद शिक्रापूरला कारखान्यात कामाला. तिथं खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर न्हावरा, चौफुला करत घरी यायचे. बाकीचे दिवस दीक्षा, आबा आणि आजी पार्वतीबाई. शाळेतून आली की ती दप्तर न काढता माझ्यासमोर बसायची. मासे काचेजवळ आले की ती काचेला कपाळ टेकायची. माझ्या त्या बाजूला तिच्या कपाळाचा तेलकट डाग नेहमी असायचा आणि आबा तो कधी पुसायचे नाहीत.

एके दिवशी तिनं आपणहून विचारलं, "आबा, यांना पिल्लं होतील?"

पार्वतीबाई चुलीपासून उठून दारात आल्या. किती महिन्यांनी ती पोरगी एवढं लांब वाक्य बोलली होती.

मग आबा आणि दीक्षा तयारीला लागले. पाटीचा एक तुकडा माझ्यात उभा केला, कारण एंजल उभ्या जागेवर अंडी घालतात. पहिल्या खेपेची अंडी मासे स्वतःच खाऊन बसले. दीक्षा रडली. आबा म्हणाले, "नवखी हायेत गं. शिकतील." पण त्यांना खरी काळजी पुढचीच होती. "उद्या शेकड्यानं पिल्लं निघली तर ऱ्हायची कुठं? ह्या पाण्यात ही दोघंच बरी. पिल्लास्नी येगळं घर पायजे." त्यांनी पोपटला दुसरी टाकी सांगितली. तिची जागा दीक्षानं माझ्या शेजारी खडूनं आखली. शाळेत कोण किती पिल्लं नेणार तेही तिनं ठरवून टाकलं.

मित्रांनो, विनोद वाईट माणूस नव्हता, हे मला आधी सांगायला हवं. हायवेच्या कडेला माशांचं दुकान होतं आणि घरी येताना त्याची गाडी तिथं थांबायचीच. रंगीत मासा दिसला की त्याला लेक आठवायची. लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मासा, आणि पिशवी हँडलला. कधी गप्पी, कधी गोल्डफिश. घरात कुठे ठेवायचे याचा विचार दुकानात कुणी करत नाही. आबा निमूटपणे बादल्या, घागरी रिकाम्या करायचे, मग शेजारीपाजारी मासे वाटायचे.

"इनोद, आणायच्या आधी एक फोन करत जा," ते म्हणायचे.

"छान दिसले म्हणून घेतले, आबा. पोरगी खूश होईल."

दुसऱ्या खेपेला अंडी टिकली. आई-बाप आळीपाळीनं पंखांनी वारा घालत राहिले. अंड्यांतून केसाएवढ्या शेपट्या निघाल्या, आणि एका सकाळी पिल्लं पाटी सोडून पोहायला लागली. धुरळा उडावा तशी ती माझ्या पाण्यात पसरली. दीक्षा शाळेलाच गेली नाही. तिनं फोन लावून विनोदला सांगितलं, "पप्पा, पिल्लं पोहतायत." पलीकडे मशीनचा आवाज होता. "हो हो बाळा, येतो मी," एवढंच तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी दुसरी टाकी तयार झाल्याचा पोपटचा निरोप आला. आबा आणि दीक्षा ती आणायला गेले. पार्वतीबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या. विनोद नेमका तेव्हा आला.

"जयभीम आबा," त्यानं हाक दिली. घरात कुणी नव्हतं. त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत बोटाएवढे दोन ऑस्कर. उन्हातल्या प्रवासानं ते वर येऊन तोंड उघडत होते. मरतील म्हणून त्यानं घाईनं पिशवीची गाठ सोडली आणि दोघांना माझ्यात ओतलं. पिल्लं त्याला दिसलीच नाहीत. उन्हात ती नुसत्या कणांसारखी दिसत होती.

मला काचा आहेत, हात नाहीत. ऑस्कर बारके मासे गिळतात, आणि हे दोघं तर भुकेले होते. एंजलची जोडी त्यांच्या अंगावर धावून गेली, पुन्हा पुन्हा गेली. मादीचे पंख फाटले. विनोद बाहेरून कौतुकानं बघत होता. त्याला वाटलं, मासे खेळतायत.

दीक्षा आणि आबा नवी टाकी दोन्हीकडून धरून दारात आले.

"बघ दीक्षा, काय आणलंय," विनोद म्हणाला.

दीक्षा माझ्याजवळ आली. तिनं या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. खाली वाकून पाटीमागं पाहिलं.

"पप्पा, माझी पिल्लं कुठायत?"

"कुठली पिल्लं?"

"मी फोनवर सांगितलं होतं."

ती ओरडली नाही. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. विनोद माझ्यासमोर उभाच राहिला. आबांनी नवी टाकी सांभाळून खाली ठेवली, ऑस्कर बादलीत काढले, आणि मग लेकाजवळ बसले.

"पोरीला मासं नकोत रे. घटकाभर तिच्याजवळ बसत जा."

विनोद माझ्याकडंच बघत म्हणाला, "बसलो की ती करुणाचं इचारती, आबा. मला न्हाई सांगता येत. मासे बघितले की तेवढं तरी इचारत न्हाई."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पार्वतीबाई दळणाचा डबा घेऊन उंबऱ्यातच थांबल्या होत्या.

ऑस्कर दुकानदारानं परत घेतले नाहीत. कासुर्डीजवळच्या एका ढाबेवाल्याकडं मोठी टाकी होती, त्यानं ते ठेवून घेतले. मादी एंजलच्या फाटक्या पंखांना बुरशी लागली आणि ती गेली. नर एकटा राहिला. तो पाटीच्या तुकड्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि मोकळ्या पाटीला पंखांनी वारा घालायचा. आबांनी पाटी काढून घेतली, तर तो त्या जागी वारा घालू लागला. मित्रांनो, ते बघताना माझं पाणी मला जड झालं होतं. पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तोही वाळूवर आडवा दिसला.

विनोद आला तेव्हा त्याच्या हँडलला पिशवी नव्हती. त्यानं अंगणात कडुलिंबाखाली खड्डा खणला. दीक्षानं ओंजळीतून मासा त्यात ठेवला. माती लोटून झाल्यावर दोघं तिथंच बसून राहिले. पडवीतून मला ते दिसत होते.

"पप्पा, आईला शेवटी दुखत होतं का?" दीक्षानं विचारलं.

विनोदनं हातांची माती झटकली. उठला मात्र नाही.

"व्हय," तो म्हणाला. "लई दुखत होतं. पण ती तुझंच नाव घेत होती." मग तो सांगत गेला. सांगताना रडला. दीक्षाही रडली, आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच वडिलांजवळ.

आबांनी माझं पाणी काढलं. दुसरी टाकी कधी भरलीच नाही. दीक्षा आता माझ्याकडं फारशी बघत नाही. मी तिला दोष देत नाही.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. दुकानात मासा आवडला तर त्याला हात लावण्याआधी घरी या. त्याच्यासाठी पाणी किती आहे, तो मोठा झाला तर मावेल का, टाकीत आधीच कोण राहतं, हे बघा. पिल्लं हवी असतील तर पिल्लांचं घर आधी उभं करा. आणि घरात कुणी सांगत असेल की पिल्लं पोहतायत, तर मशीन बंद करून नीट ऐका.