उपाशी टाकी

टाकीच्या काचेतून बुरशी दिसायची, पिंजलेल्या कापसासारखी, फिरत्या पाण्यात गिरक्या घेणारी. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात तिच्या अंगातलं तेल काढत. अशक्त बाळांच्या दुधाच्या पावडरीत ते जाई.

पोटभर खुराक मिळाला की बुरशी नुसती फोफावते, तेल धरत नाही. म्हणून वाढ झाली की सोयाचं पाणी बंद, साखरेचा पाक तेवढा चालू. मग भुकेच्या धाकानं ती अंगात चरबी साठवते.

"सासुरवाशीण हाय रे," जोडीदार मुरारी हसायचा. "गोड बोलायचं, नि जेवाय नाय घालायचं."

सुनील हसायचा नाही. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला हा कंत्राटी कामगार. त्याची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. इलाज कंपनीच्या कार्डावर चालला होता. नोकरी तोवर कार्ड.

पाचवीच्या दिवशी आईचा फोन आला. "पेटीतल्या पोरीची पाचवी कशी पुजू रे? आज तुझ्या हाताखालचं कोन उपाशी ठेवू नको. कुत्रं, कावळा, कोन पन. सटवाय बघत असते."

सुनीलनं डब्यातली भाकरी गेटावरच्या कुत्र्याला घातली, भात कावळ्यांना. आत आला तर समोर टाकी. गोडात बुडालेली, तरी भुकेली. त्यानं सोयाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला.

दुसऱ्या सकाळपर्यंत बुरशी लोण्यासारखी दाट झाली. तेल मात्र नावालाही उतरलं नाही.

"सुनीलदादा, कोणी सोडलं?" केमिस्ट श्रुतिका मॅडमनी विचारलं.

"मी. उपाशी होती."

"अहो, उपाशीच ठेवायची असते ना तिला!" मग दार लोटून त्या हळूच म्हणाल्या, "चुकून उघडला म्हणा. मी साहेबांना तसंच सांगते. नोकरी वाचेल."

सुनील काचेकडे बघत राहिला. चुकून पडलेला घास सटवाईला कसा पोचायचा?

"चुकून नाय, मॅडम. पोरीच्या नावानं घातलं."

साहेबांपुढेही तो हेच बोलला. दुपारी मुरारीनं टाकी सांडपाण्यात सोडली. त्या दिवशी त्याला थट्टा सुचली नाही. गेटावर सुनीलचं कार्ड काढून घेतलं.

दवाखान्याच्या पायरीवर बायको, सारिका, वाट बघत होती. "कार्ड आनलं काय? सिस्टर मागतायत."

"पोरीची पाचवी झाली गो," सुनील म्हणाला.

"बरं झालं. कार्ड?"